पिकअप पुराच्या पाण्यातून काढल्यावर डिफरन्शियलचं ऑइल बदलावं का? कसं तपासायचं?

कोल्हापूरहून भाजी भरून अणुस्कुरा घाट उतरलात, राजापूरच्या अलीकडे वहाळाच्या पाण्यातून पिकअप काढलीत, पाणी अर्ध्या चाकापर्यंत होतं आणि आता मागून गुणगुण ऐकू येतेय, असं तुम्ही लिहिलंय. बदलायचे किलोमीटर अजून झाले नाहीत म्हणून ऑइल तसंच ठेवावं का, हा तुमचा प्रश्न. न तपासता अजिबात ठेवू नका. मॅन्युअलमधला किलोमीटरचा आकडा कोरड्या रस्त्यासाठी ठीक आहे. माझं गॅरेज रत्नागिरी जिल्ह्यात आहे, आणि जून ते सप्टेंबर आम्ही गाडीवाल्याला आधी एकच विचारतो, पाण्यातून नेली होती का?

अर्धं चाक पाण्यात म्हणजे डिफरन्शियलचं हाऊसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधला गिअर आणि ऑइल असलेला पोकळ गोळा, पाण्यात. लोड घेऊन घाटातून आलेल्या गाडीचं हाऊसिंग चांगलंच तापलेलं असतं. आतली हवा फुगून ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या वाटेतून, थोडी बाहेर गेलेली असते. तशीच गाडी थंड पाण्यात घातली की आतली हवा आकसते आणि बाहेरून काहीतरी ओढून घेते. ब्रीदर पाण्याच्या वर आणि मोकळा असेल तर हवा ओढली जाते. तो बुडाला असेल तर तिथूनच पाणी आत जातं, आणि चोंदलेला असेल तर सीलच्या, म्हणजे ऑइल अडवणाऱ्या रबरी कड्यांच्या, ओठांमधून.

हा ब्रीदर म्हणजे हाऊसिंगच्या वरच्या अंगाला असलेली बोटाच्या पेराएवढी टोपी. गाडीखाली सरपटत जाऊन तिला हात लावा. ती हलली, फिरली पाहिजे. जांभ्याच्या तांबड्या चिखलाचा तिच्यावर असा घट्ट थर बसतो की टोपी आहे हेच कळत नाही. मग हवेला वाट राहत नाही, आत दाब वाढतो आणि सीलमधून ऑइल गळायला लागतं. गाडीवाला पुन्हा पुन्हा सील बदलतो आणि गळती काही थांबत नाही. टोपी काढून डिझेलमध्ये धुवा, हवा मारून बसवा. दरवर्षी पाण्यातून जावंच लागत असेल तर ब्रीदरला रबरी पाइप जोडून तो चेसिसपर्यंत वर घ्या. खर्च किरकोळ आहे आणि उपयोग मोठा.

आता तपासणी. गाडी रात्रभर सपाट जागेवर उभी ठेवा. पाणी ऑइलपेक्षा जड, ते खाली बसतं. सकाळी चाकांना दगड लावा आणि आधी वरचा, म्हणजे ऑइल भरायचा प्लग सोडवा. हा क्रम चुकवू नका, कारण खालून ऑइल काढलं आणि वरचा प्लग निघालाच नाही तर गाडी जागेवरच बसते. मासळीच्या गाड्यांवर बर्फाचं खारं पाणी सतत हाऊसिंगवर ठिबकतं, त्यांचे प्लग गंजून पक्के बसलेले असतात. त्यांना आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवावा.

वरचा निघाला की खाली काचेची बाटली धरा आणि खालचा प्लग हळूहळू सैल करा, पूर्ण काढू नका. पहिले थेंब बघा. स्वच्छ पाणी आलं तर विषय मिटला, ऑइल बदला. पाणी आलं नाही पण ऑइल दूध जास्त झालेल्या चहासारखं दिसलं, तरी बदला, कारण पाणी त्यात घुसळलं गेलंय. काळपट पण पारदर्शक असेल तर पाणी नाही. खालच्या प्लगला बहुधा चुंबक असतो. त्यावरची बारीक काळी पेस्ट नेहमीचीच, पण बोटाला टोचणारे कण लागले तर हाऊसिंग उघडावं लागेल.

दुधाळ निघालं तर एका बदलाने भागत नाही. नवीन ऑइल भरून थोडी गाडी चालवा, गरम असतानाच काढा आणि पुन्हा भरा. काही जण डिझेलने धुतात. माझं मत विरोधात आहे, ते कोपऱ्यात राहतं आणि नवं ऑइल पातळ करतं. ग्रेड मॅन्युअलमध्ये असेल तोच घ्या. अशा गाड्यांना बहुधा जीएल-५ दर्जाचं, ८०डब्ल्यू-९० जाडीचं गिअर ऑइल लागतं. क्राउन-पिनियनचे (आतल्या मोठ्या आणि लहान गिअरच्या जोडीचे) दात फिरताना एकमेकांवर घासतातही, त्यामुळे हलकं ऑइल तिथे टिकत नाही. भरताना भोकाच्या खालच्या काठाला लागलं की थांबा. जास्त भरलं तर फेस होतो आणि सीलवर ताण येतो. जुनं ऑइल वहाळात ओतू नका, गॅरेजच्या पिंपात द्या. खालच्या विहिरीचं पाणी त्याच जमिनीतून येतं.

गुणगुण कुठून येते तेही बघा. ॲक्सिलरेटर दाबला-सोडला की सूर बदलत असेल तर संशय क्राउन-पिनियनवर. वळणावर कमी-जास्त होत असेल तर चाकाचं बेअरिंग. गिअर टाकताना ठक्क होत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचा सांधा) बघा. क्राउन-पिनियन बदलायची वेळ आलीच तर दोन्ही जोडीनेच घ्या, त्यांचे दात एकमेकांना जुळवलेले असतात.

आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला ओल दिसते का, ते आजच बघा. तिथलं सील गेलं असेल तर ऑइल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरतं आणि लायनर (ब्रेकची घासपट्टी) पकडत नाही. तसं असेल तर ते काम होईपर्यंत गाडीत लोड भरू नका आणि घाटात तर नेऊच नका.