राजीनामा लिहायच्या आधी जरा थांब

प्रश्न: ताई नमस्कार, मी चाकणला एका गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत स्टोअरला आहे, परमनंट आहे, पगार १९,८००, त्यात बेसिक १२,०००. पाच वर्षं व्हायला अजून सात महिने आहेत. मुलगी झाली, आता पाच महिन्यांची आहे, ईएसआयमधून (कामगारांचा सरकारी विमा) सुट्टीचे पैसे मिळतायत पण पुढच्या महिन्यात सुट्टी संपते. सासूबाई गावी असतात, गुडघे दुखतात त्यांचे, त्या येऊन राहणार नाहीत. आई नाही. पाळणाघरवाल्या ताई ६,५०० मागतात आणि त्यांचं पाळणाघर उघडतं आठला, माझी पहिली शिफ्ट सातची. मिस्टरांना २८,००० पगार आहे, ते म्हणतात सोड नोकरी, पाळणाघर आणि जाणंयेणं गेलं की तुझ्या हातात दहा हजार उरतात, त्यापेक्षा घरी बस, लाडकी बहीणचे १,५०० येतील, मातृवंदनाचे येतील, मुलगी आहे म्हणून लेक लाडकीचे पण येतील. रेशनकार्ड केशरी आहे आमचं. शेजारची म्हणते सुट्टी संपल्या संपल्या राजीनामा दिला तर सुट्टीचे पैसे परत घेतात. खरं का? मला नोकरी सोडायची आहे की नाही तेच कळेना, मुलीला टाकून जायचं म्हटलं की रडू येतं.

उत्तर: रडू येतं ते साहजिक आहे, त्याचा लगेच निकाल लावायला जाऊ नकोस. आधी पैशांचं बघू, कारण मिस्टरांनी मांडलेला हिशोब वरवर बरोबर वाटतो आणि आतून पोकळ आहे.

शेजारणीचं आधी उडवून टाकते. सुट्टीचे पैसे परत घेत नाहीत. ईएसआयची अट एवढीच की ज्या दिवसांचे पैसे घेतलेस त्या दिवसांत दुसरीकडे पगारी काम करायचं नाही. नंतर कामावर आलीच पाहिजे असं कुठे नाही. ज्यांचा पगार २१,००० च्या वर आहे आणि सुट्टीचा पगार थेट कंपनी देते त्यांनाही हेच लागू आहे, १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात २०१७ ला सुधारणा होऊन २६ आठवडे झाले, तेव्हाही पैसे परत करायची अट घातली नाही, आणि आता त्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता आली तरी २६ आठवडे तसेच आहेत. कंपनीने कागदावर सही करून घेतली असेल की सोडून गेलीस तर सुट्टीचा पगार भर, तर तो कागद कायद्यापुढे टिकत नाही. नोटीस पिरियड मात्र वेगळा विषय, तो तुझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये असतो आणि तो पाळावा लागतो नाहीतर पगारातून कापतात, बऱ्याच मुली इथेच गोंधळतात.

आता योजनांचं. ताई म्हणून स्पष्ट सांगते, बाळ सांभाळायला घरी बसली म्हणून आईला दर महिन्याला घर चालेल इतके पैसे देणारी योजना आपल्याकडे नाहीच. तू ज्या तीन योजना लिहिल्यास त्यातली एकही नोकरी सोडली म्हणून मिळत नाही. लाडकी बहीणला कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या आत लागतं, आणि तुमच्याकडे तुझा पगार धरलाच नाही तरी मिस्टरांचेच ३ लाख ३६ हजार होतात. केशरी कार्डवाल्यांना उत्पन्नाचा दाखला जोडावा लागला नव्हता म्हणून सगळ्यांना वाटतं की केशरी कार्ड म्हणजे मिळालंच, पण दाखल्याची सूट वेगळी आणि मर्यादा वेगळी. लेक लाडकीला पिवळं किंवा केशरी कार्ड लागतं हे बरोबर, १ एप्रिल २०२३ नंतर जन्मलेल्या मुलीला टप्प्याटप्प्याने मिळून १ लाख १ हजार मिळतात, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा एक लाख. शिवाय त्यातले ७५,००० मुलगी अठराची झाल्यावर मिळतात, त्यावर आज दूध आणायचं का? आणि मातृवंदनाचे पहिल्या बाळाला ५,००० असतात, पण ज्यांना दुसऱ्या कायद्याखाली असाच लाभ मिळतो त्यांना ते मिळत नाहीत, तुला ईएसआयचे २६ आठवड्यांचे मिळतायतच. म्हणजे तिन्ही ठिकाणी शून्य. खोटं उत्पन्न दाखवून फॉर्म भरा असं सांगणारे एजंट गल्लीत असतीलच, त्यांच्या नादी लागू नका, वसुली आली की एजंट गायब असतो.

मी हे सगळं बघताना एकच बघते, कुठले पैसे बाळाला आहेत आणि कुठले नोकरीला. तुझ्या बाबतीत जे काही खरं मिळतंय ते सगळं नोकरीला बांधलेलं आहे. ईएसआय घे. मिस्टर २१,००० च्या वर आहेत म्हणजे त्यांना ईएसआय नाही, घरात ईएसआय आहे ते फक्त तुझ्या नावाने, त्यावर तू, मिस्टर आणि मुलगी तिघांची औषधं चालतात, आणि तुझ्या पगारातून त्याला कापले जातात महिन्याला दीडशेच्या आसपास. राजीनामा दिला की त्याच दिवशी बंद होत नाही, आधी भरलेल्या हप्त्यांवर पुढे काही महिने चालतं, कधीपर्यंत ते तुझ्या शाखेत कार्ड दाखवून विचार. पण मग संपतं. त्यानंतर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, रेशनकार्डावर ५ लाखांपर्यंत, चांगली आहे, मोठं ऑपरेशन निघालं तर उपयोगी, पण ती दवाखान्यात ॲडमिट होऊन ठरलेल्या उपचारांना आहे. मुलीला रात्री ताप आला, खोकला झाला, तर ते खिशातूनच. आणि पहिल्या दोन वर्षांत ताप-खोकला किती वेळा येतो ते पाळणाघरवाल्या ताईंनाच विचार.

मग ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी रक्कम. पाच वर्षांचं तुझ्या पत्रात तू सहज लिहून गेलीस पण मी तिथेच थांबले. पाच वर्षं पूर्ण झाली की बेसिकवर वर्षाला १५ दिवसांचा पगार, महिना २६ दिवसांचा धरून, म्हणजे १२,००० गुणिले १५ भागिले २६ गुणिले ५, होतात ३४,६१५ रुपये. सात महिने आधी सोडलंस तर कंपनी म्हणणार पाच वर्षं झाली नाहीत, आणि तिचं चुकलं असंही म्हणता येणार नाही. तुझे सुट्टीचे २६ आठवडे सलग सेवेत धरतात, ते कापून घेऊ देऊ नकोस, कुणी एचआरमधलं म्हणालं की तुम्ही सहा महिने नव्हता तर सरळ कायदा दाखव. सात महिन्यांसाठी साडेचौतीस हजार, म्हणजे पाळणाघराची पाच महिन्यांची फी तिथेच निघाली.

पीएफचंही मिस्टरांनी धरलेलं नाही. तुझे १,४४० कापले जातात आणि तेवढेच कंपनी भरते, हातात दिसत नाहीत म्हणून हिशोबात नाहीत. सोडलीसच नोकरी तर पीएफ काढून फ्रीज-टीव्ही घेऊ नका, पडून राहिला तरी व्याज चालू राहतं, आणि पेन्शनला दहा वर्षं लागतात त्यात ही पाच वर्षं धरली जातात, पेन्शनचे पैसे काढून घेतलेस की पुन्हा शून्यापासून.

अजून एक, आणि हे जरा मिस्टरांना वाचून दाखव. पाळणाघराचे ६,५०० फक्त तुझ्याच पगारातून का वजा करायचे? मुलगी दोघांची आहे ना. ४७,८०० घरात येतात त्यातून ६,५०० गेले असं मांडलं की चित्र वेगळं दिसतं. आणि मुलगी तीन वर्षांची झाली की अंगणवाडी, बालवाडी सुरू होईल, पाळणाघराचे तास कमी होतील, पण तीन वर्षं घरी बसलेल्या बाईला चाकणमध्ये परत परमनंट कोण घेतो? कंत्राटावर घेतात, बारा-तेरा हजारांत. हे मी तुला घाबरवायला सांगत नाही, तुझ्या कंपनीच्या गेटवर उभ्या असतात त्या बायकांना विचार.

शिफ्टचं काय करायचं ते सांगते. सुट्टी संपायच्या आधीच एचआरला लेखी दे, मेल कर किंवा अर्ज देऊन पोच घे, की मला सहा-आठ महिने जनरल शिफ्ट द्या. शिफ्ट दिलीच पाहिजे असा कायदा नाही, पण स्टोअरच्या कामात हे जमण्यासारखं असतं आणि लेखी मागितलं की सहज नाही म्हणणं अवघड जातं, मग बरेचदा जमतं. जिथे ५० किंवा जास्त लोक कामाला आहेत तिथे पाळणाघराची सोय कंपनीने करायची असते, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला दिवसातून दोन वेळा वेगळी सुट्टी असते, नेहमीच्या जेवणाच्या सुट्टीव्यतिरिक्त. त्याच अर्जात हे दोन्ही विचार. कंपनीचं पाळणाघर नसेल तर पाळणाघराच्या फीमध्ये काही देता का असं विचारायला काय जातंय.

आणि मुलीचं. आजपासूनच रोज एक वेळ काढलेलं दूध वाटी-चमच्याने पाजायची सवय लाव, आणि तू नाही, मिस्टरांनी पाजायचं, तू शेजारच्या खोलीत बस. पहिले चार दिवस ती फुर्र करून अंगावर उडवेल, चमचा तोंडाने ढकलेल, तुझ्याकडे बघून रडेल, पाचव्या-सहाव्या दिवशी घेते. सहा महिन्यांची झाली की वरचं सुरू होतंच, नाचणीचं सत्त्व, मऊ भात, मग पाळणाघरात नुसत्या दुधावर अवलंबून राहायला लागत नाही. रुजू होण्याच्या आधी आठवडाभर तिला रोज तासभर तिथे ठेवून बघ.

सात महिने जा. ग्रॅच्युइटी झाली, मुलगी वर्षाची झाली, तेव्हाही सोडावंसं वाटलं तर खुशाल सोड, तेव्हा मला विचारूही नकोस.

प्रश्न: नमस्कार, आम्ही जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतो, दोघंही आयटीत, माझं ब्लू कार्ड (नोकरीवर मिळणारा तिथला राहण्याचा परवाना) आहे. बाळ दहा महिन्यांचं आहे, माझं एल्टर्नगेल्ड (बाळासाठी घरी राहणाऱ्या पालकाला मिळणारा सरकारी भत्ता) बाळ बारा महिन्यांचं झालं की संपेल, किटामध्ये (तिथलं पाळणाघर) जागा मिळत नाहीये, आई-बाबांचा व्हिसा तीनच महिन्यांचा असतो. मी एल्टर्नत्साइट (बाळासाठीची सुट्टी) एकच वर्ष लिहून दिली होती. राजीनामा देऊन किंडरगेल्डवर (मुलामागे मिळणारा सरकारी भत्ता) आणि नवऱ्याच्या पगारावर काढावं का वर्षभर?

उत्तर: वरच्या चाकणच्या पत्रात जे मिळतंय ते सगळं नोकरीला बांधलेलं आहे, तुमच्याकडे किंडरगेल्ड खरोखर बाळाला आहे, २०२५ मध्ये ते महिन्याला २५५ युरो होतं, तुम्ही नोकरी करा नाहीतर करू नका. पण तेवढ्यात स्टुटगार्टकडे घराच्या भाड्याचा कोपराही निघत नाही हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

राजीनामा देऊ नका. तिथे बाळ तीन वर्षांचं होईपर्यंत एल्टर्नत्साइट घेता येते, नोकरी राखून, बिनपगारी. तुम्ही एकच वर्ष लिहून दिलंत ही जरा अडचण आहे कारण पहिल्या दोन वर्षांचं सुरुवातीलाच सांगायचं असतं, आता दुसरं वर्ष वाढवायला बॉसची संमती लागेल. पण मागा, आणि पर्याय म्हणून आठवड्याला ३२ तासांपर्यंत पार्टटाइमही सुचवा, एल्टर्नत्साइटमध्ये तेवढं काम चालतं. राजीनामा दिलात तर ब्लू कार्डमुळे परदेशी नागरिकांच्या कार्यालयाला दोन आठवड्यांत कळवावं लागतं, आणि स्वतःहून सोडलं म्हणून बेरोजगारी भत्ताही साधारण बारा आठवडे रोखून धरतात, शिवाय बाळ घरी असताना तुम्ही कामाला उपलब्ध आहात हे दाखवणार कसं? विम्याचंही बघा, नवरा सरकारी विमा पद्धतीत असेल तर तुम्ही त्याच्याबरोबर फुकट बसता, खाजगीत असेल तर तुमचा हप्ता तुम्हालाच.

किटाचं: बाळ एक वर्षाचं झालं की जागेचा हक्क २०१३ पासून कायद्यात आहे. मिळत नसेल तर नगरपालिकेला लेखी कळवा की अमुक तारखेपासून जागा हवी, नुसतं पोर्टलवर नाव घालून बसू नका, आणि टागेसमुटर, म्हणजे आपल्या भाषेत घरगुती पाळणाघरच, तेही विचारा, तो हक्क तिथेही चालतो.

आणि नवऱ्याने एल्टर्नगेल्डचे त्याचे दोन महिने घेतलेत का? पत्रात काही दिसलं नाही. नसतील घेतले तर तेरावा आणि चौदावा महिना तो घरी राहू शकतो, निव्वळ पगाराच्या साधारण ६५ टक्के, जास्तीत जास्त १,८०० युरो, आणि चौदाव्या महिन्यानंतर हे मिळत नाही. त्याच्या ऑफिसला सात आठवडे आधी लेखी द्यावं लागतं. बाळ दहा महिन्यांचं आहे म्हणता, म्हणजे ते पत्र याच आठवड्यात गेलं पाहिजे.