समुपदेशकाला माझ्या झोपेशी काय करायचंय?

प्रश्न : ताई, सारखी धडधड आणि अस्वस्थता होते म्हणून मी एका समुपदेशक बाईंकडे गेले. पहिल्याच भेटीत त्यांनी झोप, पाळी, चहा-कॉफी, व्यायाम, अगदी डोक्यावर कर्ज आहे का तेही विचारलं. वर थायरॉईड आणि हिमोग्लोबिन तपासून या म्हणाल्या. मी मन मोकळं करायला गेले होते! त्या म्हणे ‘समग्र पद्धतीने’ काम करतात. यात काही शास्त्र आहे की नुसतीच फॅशन? तुम्हीही असंच करता का? आणि तुम्ही या क्षेत्रात कशा आलात, हे तुम्ही कधीच लिहिलं नाहीत.

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण बाकीची उत्तरं त्यातच आहेत.

मी मूळची फिजिओथेरपिस्ट. मान, पाठ, गुडघे हेच माझं जग होतं. एक गृहस्थ मानदुखीसाठी यायचे (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत). एक्स-रे स्वच्छ, व्यायाम नियमित, तरी दुखणं जागच्या जागी. एकदा शेक देऊन झाल्यावर मी त्यांच्या खांद्याचा स्नायू दाबत होते. चांगला सैल पडला होता. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन थरथरला आणि माझ्या अंगठ्याखाली तो स्नायू क्षणात लाकडासारखा कडक झाला. फोन उचललाही नव्हता. ‘कोणाचा?’ म्हणून विचारलं, तर ‘साहेबांचा’ म्हणाले आणि मग बराच वेळ बोलत राहिले. मी ऐकून घेतलं. पण ऐकलेल्याचं पुढे काय करायचं, हे मला कोणी शिकवलेलं नव्हतं. मानेच्या व्यायामाचा कागद हातात देऊन त्यांना पाठवणं काही पटेना. त्यातूनच मानसशास्त्राचं शिक्षण आणि मग अनुभवी समुपदेशकांच्या देखरेखीखाली काम, असा रस्ता धरला. आजही अवघड केस असली की नाव-गाव न सांगता ज्येष्ठांशी चर्चा करते. या व्यवसायात ते पथ्य पाळावंच लागतं.

आता तुमच्या बाईंबद्दल. त्यांनी अगदी योग्य केलं. थायरॉईड गरजेपेक्षा जास्त काम करत असेल तर धडधड, घाम, हातांना कंप, बेचैनी हे सगळं होतं. रक्त कमी असेल तरीही छातीत धडधडतं. अशा व्यक्तीला मी महिनाभर विचार बदलायला शिकवत बसले, तर तिचा वेळ आणि पैसा दोन्ही फुकट. उलट थायरॉईड मंद असेल तर थकवा आणि उदासी येते, ती सहज नैराश्य समजली जाते. रिपोर्ट वाचून औषध ठरवणं मात्र डॉक्टरांचं काम. कॉफीचंही तसंच. कॅफिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला साधारण 5 तास लागतात. संध्याकाळी 6 ला प्यायलेली कॉफी रात्री 11 ला निम्मी तुमच्यासोबत जागी असते. आणि कर्ज? वसुलीच्या फोनने उडालेली झोप श्वासाच्या व्यायामाने कशी येणार? तिथे हिशेब मांडून देणारा माणूस आधी लागतो.

ही फॅशन म्हणाल तर बरीच जुनी आहे. जॉर्ज एंगल या अमेरिकन डॉक्टरांनी 1977 साली ‘सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकातल्या लेखात आग्रहाने मांडलं, की आजार समजून घ्यायचा तर शरीर, मन आणि माणसाची सामाजिक परिस्थिती या तिन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात.

तरीही तुमच्या शंकेत तथ्य आहे. ‘समग्र’ या पाटीखाली खडे, तेजोवलयं आणि ‘तीन बैठकींत कायमची मुक्ती’ही विकली जाते. म्हणून शिक्षण काय, देखरेख कोणाची, आणि माझं दुखणं तुमच्या आवाक्याबाहेरचं निघालं तर कोणाकडे पाठवाल, हे बिनधास्त विचारा. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर चटकन येत नसेल तर उठून या. सगळं मीच बरं करते म्हणणाऱ्या माणसाची मला धास्तीच वाटते.

मी स्वतः श्वासाचा वापर करते. श्वास सोडताना व्हेगस नर्व्हमुळे (मेंदूपासून हृदयापर्यंत जाणारी एक नस) हृदयाची गती किंचित मंदावते, म्हणून सोडणं घेण्यापेक्षा लांबवायचं. पण हे सरसकट चालत नाही. काहींना डोळे मिटून श्वासाकडे लक्ष दिलं की घाबरायला जास्त होतं, विशेषतः ज्यांच्यावर पूर्वी काही आघात झालाय त्यांना. मग डोळे उघडे ठेवून, पाय जमिनीला टेकवून खोलीतल्या वस्तूंची नावं घ्यायला सांगते. आणि समोरचं माणूस रडत असेल तेव्हा व्यायाम-बियाम काही नाही, नुसतं ऐकायचं. तुमचं मन मोकळं करायचं राहून गेलं असेल, तर पुढच्या भेटीत बसल्या बसल्या तसं सांगा : ‘आज मला फक्त बोलायचंय.’ कुठलाही शहाणा समुपदेशक हातातली वही बाजूला ठेवेल.

प्रश्न : समुपदेशन सुरू झाल्यावर बरं वाटतंय. नैराश्याच्या गोळ्या आता बंद केल्या तर चालेल का?

उत्तर : मनाने नको. या गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, चिडचिड, झोपमोड होऊ शकते, आणि दुखणं उलटण्याचीही भीती असते. कमी कधी आणि कशा करायच्या ते तुमचे मानसोपचारतज्ज्ञच ठरवतील. त्यांनी तारीख दिली की समुपदेशकांनाही कळवा, म्हणजे त्या काळात भेटी जरा जवळ जवळ ठेवता येतील.