सोलापुरात टॉवेलचा कारखाना आहे. ईमेलवर रोज ढीगभर स्पॅम (न मागितलेले जाहिरातीचे मेल) येतो. पत्ता बदलला तर थांबेल का?

नाही, फार तर काही दिवस शांतता मिळेल. नवा पत्ता वेबसाइटवर टाकला की पत्ते गोळा करणारे प्रोग्राम तोही उचलतात. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या काही कारखान्यांचे मेल मी सांभाळतो, सगळीकडे हीच रड. जगातल्या ईमेलपैकी जवळपास निम्मे आजही स्पॅम असतात. 2008च्या आसपास तर 80 टक्क्यांच्या वर होते. बिल गेट्स 2004 साली म्हणाले होते, दोन वर्षांत प्रश्न सुटेल! पहिला स्पॅम 1978चा, डीईसी कंपनीच्या माणसाने कॉम्प्युटर खपवायला चारेकशे जणांना पाठवलेला. ती डीईसी 1998 साली कॉम्पॅकने गिळली, कॉम्पॅक 2002 साली एचपीत गेली. स्पॅम मात्र ठणठणीत. तेव्हा पत्ता तोच ठेवा आणि चांगला फिल्टर असलेली मेलसेवा घ्या. अनोळखी मेलमधल्या ‘अनसबस्क्राइब’वर क्लिक करू नका, पत्ता चालू आहे हे त्यांना कळतं. एवढंच की परदेशी ग्राहकाची खरी चौकशीही कधीकधी स्पॅममध्ये जाऊन पडते, म्हणून तो फोल्डर न बघता रिकामा करू नका. आधी ‘towel’, ‘sample’, ‘rate’ असे इंग्रजी शब्द टाकून शोधा.