न आलेल्या पैशांचा हिशेब

बाबू,

परवा तू सोप्यावर तासभर पाऊस बघत बसलास आणि उठता उठता म्हणालास, ‘काका, जूनचा हप्ता कुठून भरू?’ मी गप्प राहिलो. बोललो असतो तर ओरडलो असतो, म्हणून लिहितोय.

तू गेल्यावर मी हिशेब मांडला. ४२ हजारांचा फोन, १२ हप्ते, महिन्याला साडेतीन हजार. पहिला हप्ता जानेवारीत. तेव्हा शनिवार-रविवार तू कळंगुटच्या शॅकमध्ये, किनाऱ्यावरच्या त्या हंगामी खानावळीत, टेबलं सांभाळत होतास आणि टिप धरून महिन्याला सहा हजार सुटत होते. साडेतीन गेले तरी अडीच उरतात, असं तू धरलंस. अरे, पण पावसाच्या तोंडावर शॅक मोडतात हे गोव्यात जन्मलेल्या पोराला कुणी सांगायचं? १ जून ते ३१ जुलै मासेमारीचे ट्रॉलर बंद, म्हणून तुझी आई मे महिन्यातच पुरुमेंत, पावसाळ्याची बेगमी, भरते. खारे बांगडे, सुकी सुंगटं (कोळंबी), सोलं, मिरच्या. पावसात बाजारात मिळेल काहीतरी, अशा भरवशावर ती बसत नाही. तू मात्र पाच महिन्यांच्या कमाईवर बारा महिन्यांची सही करून आलास.

हातात नाही तो पैसा मोजायचा नाही. एवढंच मला येतं, आणि तेही फार उशिरा आलं.

सहा हजार ही तुझी महिन्याची कमाई नव्हेच. पाच महिन्यांचे झाले ३० हजार. ते बाराने भाग. अडीच हजार. कदंब बसचा पास, झेरॉक्स, भाजीपाव, गणेश चवथीला घरी काही न्यायचं असेल तर तेही, सगळं त्या अडीच हजारांतलं. साडेतीनचा हप्ता त्यात कधी बसतच नव्हता, जानेवारीतही नाही.

‘पण व्याज नाही ना काका!’ शून्य टक्के व्याज अशी गोष्टच नसते, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. प्रक्रिया शुल्क म्हणून काही कापलंय का? रोखीत घेतला असता तर किती सूट मिळाली असती? विचारलंस का दुकानात? नाही विचारलंस. मीही विचारलं नव्हतं.

२०११ मध्ये मी ट्रक घेतला. डिचोलीच्या रस्त्यावर तेव्हा खनिजाच्या ट्रकांची रांग तुटत नसे आणि ट्रक न घेणारा गावात खुळा ठरत होता. मी वहीत मांडलं होतं : दिवसाला इतक्या ट्रिपा, महिन्याचे इतके दिवस, हप्ता जाऊन इतके उरणार. गुणाकार अगदी बरोबर होता. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. हप्ते चालूच राहिले.

तू म्हणशील, तुमचं वेगळं, शॅक तर दरवर्षी मोडतात. खरंय. भल्याभल्या खाणवाल्यांना जे कळलं नाही ते मला कसं कळणार, असं मी वर्षानुवर्षं सांगत फिरलो, आणि माझा दोष तुझ्यापेक्षा थोडा कमीच, असं मला आजही वाटतं. पण पुढचं ऐक. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी उठवली, वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घालून. तेव्हा ट्रक विकायचा सोडून मी पुन्हा वही काढली. पुन्हा न झालेल्या ट्रिपा मोजल्या. मार्च २०१८ मध्ये खाणी परत थांबल्या आणि ट्रक मिळेल त्या भावाला गेला. त्याआधी तुझ्या काकूच्या पाटल्या गेल्या होत्या. मुलीला शिकायला बंगळूरला पाठवायचं होतं, ते राहिलं. ती त्यावर कधी बोलत नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यामुळे दुसऱ्या ॲपवरून कर्ज काढून हा हप्ता भरायचा विचार पुन्हा माझ्यासमोर काढू नकोस. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे कर्ज देणाऱ्याने सगळा खर्च धरून वर्षाचा दर एका कागदावर आधीच दाखवायला हवा. तो कागद न वाचता बोट दाबणार असशील तर मला काका म्हणू नकोस.

फोन विक. लाज वाटेल, वाटू दे. उरलेत सात हप्ते, साडेचोवीस हजार. आलेल्या पैशांतून जेवढे फिटतील तेवढे फेड आणि उरलेल्यासाठी बाबांशी बोल, माझ्यामार्फत नाही, स्वतः. त्यांनाही तीन वर्षं ट्रकाचा हप्ता होता, एवढंच सांगतो. पुढच्या हंगामात शॅकचे पैसे आले की त्याच दिवशी अडीच हजार ठेवून बाकीचे दुसऱ्या खात्यात टाक. त्या खात्याला यूपीआय जोडायचं नाही. पैसे काढायला रांगेत उभं राहावं लागलं की अर्धा मोह तिथेच उतरतो. मी तर अजून पोस्टात जातो. पोरं हसतात, हसू देत.

मी पैसे देणार नाही. नाहीत म्हणून नव्हे.

रविवारी फोनचे सगळे कागद घेऊन ये, सहीसुद्धा वाचू. काकू किसमूर करणार आहे, मे महिन्यात भरून ठेवलेल्या सुंगटांची.

तुझा,
काका