पलंगाखालची खारी

"आम्ही तिला घरी आणून चूक केली का हो?"

मी कुत्र्यांच्या वागण्याबद्दल सल्ला देते, त्यामुळे हा प्रश्न मला महिन्यातून चार-पाच वेळा तरी ऐकावा लागतो. माणसं वेगळी, कुत्रं वेगळं, पण आवाजातला ओशाळेपणा तोच. मोठं झालेलं कुत्रं दत्तक घेणाऱ्यांकडून तर हमखास. बिछाना आणला, खेळणी आणली, चिकन शिजवून घातलं, आणि तरी ते आपलं अंग चोरून कोपऱ्यात. मग घरातलं कुणीतरी म्हणतं, "याला रस्त्यावरच बरं होतं." त्यानंतर मला फोन येतो.

पुण्यात सिंहगड रस्त्यावरच्या एका घराचं सांगते. घरच्यांची परवानगी आहे, ओळख पटेल ते सगळं बदललंय. कुत्रीचंही नाव बदलते म्हटलं तर घरातला नऊ वर्षांचा मुलगा रुसला, म्हणून तेवढं खरं ठेवलंय: खारी. रंग अगदी बेकरीतल्या खारीचा, जरा जास्त भाजलेल्या.

खारी दीड वर्षाची, गावठी, निवाऱ्यातून आणलेली. मुलाच्या आईने फोन केला तेव्हा तिला घरी येऊन १२ दिवस झाले होते आणि ते सगळे तिने आतल्या खोलीतल्या पलंगाखाली काढले होते. जेवण तिथेच सरकवायचं, शी-शू त्याच खोलीच्या कोपऱ्यात. आदल्या संध्याकाळी मुलाने तिला पुढचे पाय धरून बाहेर ओढायला घेतलं आणि ती गुरगुरली. आजींनी तिथल्या तिथे निकाल दिला: "आज गुरगुरली, उद्या चावेल. देऊन या परत." मुलाचे बाबा कुणाचीच बाजू घेईनात. आई फोनवर रडत होती.

मी शक्यतो घरी जाते, तेही संध्याकाळी, स्वयंपाकाच्या वेळेला. घराचे खरे आवाज तेव्हाच ऐकू येतात.

पाचवा मजला, दोन खोल्या आणि हॉल. पांढऱ्याशुभ्र व्हिट्रिफाइड टाइल्स, वरचा दिवा खाली जसाच्या तसा दिसावा इतक्या चकचकीत. टीव्ही आणि मुख्य दार यांच्या मधोमध खारीचा बिछाना, मेदूवड्याच्या आकाराचा, लोकरीचा. त्यावर एकही केस नव्हता. (कुत्र्यांच्या दुकानातला निम्मा माल माणसांसाठीच असतो, हे माझं जुनं मत आहे.) येणारा-जाणारा प्रत्येक जण त्या बिछान्याला वळसा घालून जाणार, दाराची बेल डोक्यावर वाजणार. तिथे मलाही झोप लागली नसती.

आतल्या खोलीत गेले आणि सरळ फरशीवर आडवी झाले. घरच्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. पण खारीचे डोळे जमिनीपासून जेमतेम दीड फुटावर, उभ्याने बघून तिचं घर कसं कळणार? खालून पाहिलं तर चित्र असं: मागे लोखंडी ट्रंक, तिच्यातून डांबरगोळ्यांचा वास. फरशीला फिनेलचा वास, तो दिवसातून दोनदा नव्याने. आणि या दोन्हींच्या मध्ये मुटकुळं करून बसलेली खारी. मला बघून तिने जांभई दिली, मग जीभ नाकावरून फिरवली, मग मान वळवली, पण डोळ्यांच्या कडेचं पांढरं माझ्याकडेच. ही जांभई झोपेची नव्हे. "मला ताण आलाय, तुम्ही जरा लांब राहा" हे कुत्रं असंच सांगतं. मुलगा गेले १२ दिवस रोज टॉर्च घेऊन तिच्याशी गप्पा मारायला पलंगाखाली शिरत होता आणि ती त्याला रोज हेच सांगत होती. त्याला कळलं नाही, म्हणून शेवटी ती गुरगुरली.

उकडलेल्या चिकनचा एक तुकडा मी पलंगाच्या बाहेर टाकला आणि तिच्याकडे पाठ केली. आरशात दिसत होतं. बऱ्याच वेळाने नाक बाहेर आलं, मग पुढचे दोन पाय. मागचा पाय टाइलवर टेकला तसा तो बाहेर घसरला, दुसरा दुसरीकडे. ती थिजली. मग भिंतीला अंग घासत, पोट खाली धरून तुकड्यापर्यंत आली. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची पहिली शिट्टी झाली आणि खारी पलंगाखाली नाहीशी झाली. जाताना चारही पाय घसरले, हनुवटी फरशीवर आपटली. चिकन तिथेच.

"बघा ना, आम्ही काहीच केलेलं नाही तिला," आई म्हणाली. खरंच होतं. केलं होतं ते टाइल्सनी.

कुत्र्याच्या पंजाच्या गाद्या माती, डांबर, खडबडीत फुटपाथ यांवर छान धरतात. चकचकीत टाइलवर त्यांना पकड मिळत नाही. घसरलं की कुत्रं घाबरतं, घाबरलं की नखं रोवायला बघतं, आणि कठीण गुळगुळीत फरशीवर नखं रोवली की आणखी घसरतं. जुन्या वाड्यांतल्या शहाबादी फरशीवर हा प्रश्न सहसा येत नाही. त्यात आवाज. माणसाचा कान साधारण २० हजार हर्ट्झपर्यंत ऐकतो, कुत्र्याचा त्याच्या दुपटीच्याही वर. रस्त्यावर आवाज कमी नसतात, पण तिथे पळायला जागा असते. इथे मिक्सर, कुकर, बेल, वॉशिंग मशीन, आणि खाली बर्फासारखी जमीन. आपल्याला घर म्हणजे सुरक्षित जागा वाटते. तिच्या दृष्टीने या घरात सुरक्षित जागा एकच होती, पलंगाखालची, आणि सगळे मिळून तिला तिथूनच बाहेर काढायला बघत होते.

आता माझी चूक सांगते. तासभर मी आईशी बोलले, बाबांशी बोलले, मुलाला समजावलं. आजी खुर्चीत बसून होत्या, पायात रबरी चपला, आणि मी मनातल्या मनात त्यांना विरोधी पक्षात टाकून मोकळी झाले होते. निघायच्या बेताला नुसती औपचारिकता म्हणून विचारलं, "आजी, तुमचं काय म्हणणं?"

"माझं कोण ऐकतंय," त्या म्हणाल्या. "रात्री दोनला येते की ती बाहेर. रोज. माझ्या खोलीच्या दारात बसते. सतरंजी आहे ना तिथे, मी पडले तेव्हापासून टाकलेली."

घरात कुणालाच हे माहीत नव्हतं. आजी दोन वर्षांपूर्वी वाईहून इकडे आल्या आणि पहिल्याच महिन्यात हॉलमध्ये पाय घसरून पडल्या होत्या. तेव्हापासून घरातही चपला. "मीसुद्धा भिंत धरूनच चालते. ती काय वेगळं करते?" असं म्हणून त्या माझ्याकडे नाही, सुनेकडे बघत होत्या.

मग त्यांनी सहज पुढे जोडलं, "परवा तर हातातून खाल्लंसुद्धा. मी मनुका भिजत घालते ना रात्री, त्यातल्या दिल्या चार."

मी डॉक्टर नाही, पण हे ऐकून मी पर्स खाली ठेवली. द्राक्षं, मनुका, बेदाणे यांनी कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. किती खाल्ल्यावर, याचा भरवसा नाही. एखादं कुत्रं मूठभर खाऊन धडधाकट राहतं, एखाद्याला थोड्यानेही भोवतं. संशय त्यातल्या टार्टारिक आम्लावर आहे, आणि ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणजे चिंचगुळाची आमटी कालवलेला भातही बाद. उलटी, मलूलपणा, लघवी कमी होणं ही लक्षणं एक ते तीन दिवसांत दिसतात. तिला उलटी झाली नव्हती, लघवी होत होती. तरी त्याच रात्री त्यांच्या पशुवैद्यांना फोन लावला, सकाळी रक्त तपासलं. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं नीट चालतात की नाही हे सांगणारा आकडा, ठीक निघालं. आत्ताच खाल्लंय असं लक्षात आलं तर मात्र वाट बघायची नाही, तडक दवाखाना गाठायचा. पहिल्या एक-दोन तासांत डॉक्टर उलटी करवू शकतात. घरी मीठपाणी पाजायचे उद्योग करू नयेत, मिठाचीही विषबाधा होते.

आजी फार खजील झाल्या. मी त्यांना म्हटलं, १२ दिवसांत या घरात ती ज्या एका माणसाच्या हातून जेवली, ते माणूस तुम्ही आहात.

दुसऱ्या दिवसापासून घर बदललं. खर्च फारसा नव्हता. ट्रंक माळ्यावर गेली, कारण डांबरगोळी कुत्र्याने चघळली तर विषारीच. पलंगाखाली गोधडी घातली आणि ती जागा कायमची खारीच्या नावावर केली. मुलाला एकच नियम: खारी गोधडीवर असेल तेव्हा हात लावायचा नाही, हाक मारायची नाही, टॉर्च तर नाहीच. गुरगुरली तर रागवायचं नाही, मागे सरकायचं. हे आईबाबांना पटवायला वेळ लागला. गुरगुरण्यावर ओरडा बसला की कुत्रं गुरगुरणं सोडतं, चावणं सोडत नाही. पुढच्या खेपेला सूचना न देता चावतं.

पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत, तिथून दारापर्यंत सतरंज्या आणि खालून रबर असलेली पायपुसणी जोडून एक रस्ता केला. नुसती सतरंजी टाइलवर सरकते, म्हणून तिच्याखाली जुन्या योगा मॅटच्या पट्ट्या. भांडं वॉशिंग मशीनजवळून हलवलं. पशुवैद्यांकडे नखं कापून, पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केसही काढून घेतले. मेदूवडा बिछाना मुलाने स्वतःच्या अभ्यासाच्या टेबलाखाली नेला. आता तिथे तो बसतो.

फिनेलवरून थोडं झालं. देवघर त्याच पट्ट्यात, आजींना फरशी स्वच्छ हवी. पण कुत्रं फिनेलवर चालतं आणि मग पंजे चाटतं, ते पोटात जातं. शिवाय उग्र वासाने माणसाला स्वच्छ वाटतं, कुत्र्याला खालचा लघवीचा वास येतच राहतो आणि ते तिथेच परत जातं. तोडगा असा निघाला की देवघरापुढे आजींची पद्धत, पण नंतर साध्या पाण्याचा हात; बाकी घरात नुसतं पाणी, आणि लघवीच्या जागी त्यासाठी मिळणारं एन्झाइमवालं द्रावण. चौथ्या दिवशी खारी पहाटे साडेपाचला जिन्याने खाली गेली. लिफ्टच्या स्टीलच्या जमिनीवर ती महिनाभर चढली नाही, कुणी आग्रहही केला नाही.

बाल्कनीच्या ग्रिलला जाळी, आजींच्या बीपीच्या आणि दुखण्याच्या गोळ्या टीपॉयवरून कपाटात, मुख्य दार उघडण्याआधी आतलं दार बंद. हे शेवटचं फार महत्त्वाचं. नव्याने आणलेलं कुत्रं पहिल्या काही आठवड्यांत दारातून सटकलं तर परत यायला त्याला अजून घर ठाऊक नसतं. म्हणून हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला, पहिल्या दिवसापासून. सोसायटीने मध्येच लिफ्टबंदीची नोटीस लावली. भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत दिल्यावर ती निघाली.

कुकरचं सांगायचं राहिलं. मुलाने शिट्टी मोबाइलवर रेकॉर्ड केली. अगदी बारीक आवाजात लावायची, लगेच चिकनचा कण टाकायचा. कान मागे गेले की आवाज जास्त झाला, कमी करायचा. रोज पाच मिनिटं. मुलाला हे काम इतकं आवडलं की त्याने वहीत तक्ता आखला. तीन आठवड्यांत खारी रेकॉर्डिंगला दाद देईनाशी झाली. खऱ्या कुकरला मात्र अजून उठून जाते. पूर्वी पळायची, आता चालत जाते, सतरंज्यांच्या रस्त्यावरून.

मग दिवाळी आली. फटाक्यांचं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं: अंधार पडायच्या आत फिरवून आणायचं, आजींच्या खोलीच्या खिडक्या बंद करून वर जाड चादरी, पंखा फुल्ल, रेडिओ चालू, पलंगाखाली दुसरी गोधडी. भीतीवरचं औषध पशुवैद्यांना विचारून आणलेलं होतं. माणसांची झोपेची गोळी अर्धी करून देणारे लोक मी पाहिलेत, म्हणून हे लिहिते. ती थरथरली तर जवळ घ्यायचं की नाही, असं बाबांनी विचारलं. जवळ आली तर घ्यायचं. धीर दिल्याने भीती वाढत नाही.

लक्ष्मीपूजनाच्या रात्री साडेदहाला फोन वाजला. आजी. मला वाटलं काहीतरी बिनसलं.

"झोपलीय," त्या कुजबुजत म्हणाल्या. "माझ्याच खोलीत, कपाट आणि पलंगाच्या मधल्या फटीत. मी विचारायला फोन केला. मनुका नाहीत, तर मग दोनला उठली की मी तिला देऊ काय?"

गाजराचे तुकडे चालतील, मी म्हटलं.

"कच्चे?"

"कच्चे."

"बरं," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.