आमच्यामागे तिचे कोण?

लग्न न केलेल्या मुलींचे आईवडील माझ्याकडे येतात तेव्हा बोलणे कुठूनही सुरू झाले, तरी ते अखेर "आमच्यामागे तिचे कोण?" या एकाच प्रश्नापाशी येऊन थांबते. दोन वर्षांपूर्वी आलेल्या एका निवृत्त शिक्षिकेचा प्रश्नही तोच होता. मात्र त्यांच्या हातात एका जर्मन राजकन्येच्या चित्राची छापील प्रत होती. (कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत.)

त्यांची ३७ वर्षांची मुलगी नेदरलँड्समधल्या हेग शहरात नोकरी करते आणि उरलेला सगळा वेळ चित्रे काढण्यात घालवते. स्थळाचा विषय निघाला की ती फोन ठेवून देते. एकदा तिने हेगमध्येच जन्मलेल्या लुईझे होलांडिने या चित्रकार राजकन्येविषयी आईला सांगितले, तिचे चित्रही पाठवले आणि म्हणाली, "बघ आई, हिनेही लग्न केलं नाही, हिचं काही अडलं का?" बाईंनी ती प्रत माझ्यासमोर ठेवली. "मॅडम, मी माहिती काढली. ही शेवटी मठात गेली. माझ्या मुलीच्या मनात नक्की काय आहे, मला कळेना झालंय."

पुढच्या भेटीपूर्वी मी लुईझेचे चरित्र वाचून काढले, कारण मुलीने आईला जे थेट सांगता येत नव्हते ते या गोष्टीआडून सांगितले असावे, असे मला वाटले.

लुईझेचा जन्म १६२२ चा. वडील फ्रेडरिक पाचवे हे जर्मनीतल्या पॅलेटिनेटचे अधिपती. बोहेमियाच्या गादीवर ते जेमतेम वर्षभर बसले आणि १६२० मध्ये प्रागजवळच्या लढाईत हरून सारे गमावून बसले. आई एलिझाबेथ स्टुअर्ट ही इंग्लंडच्या राजाची मुलगी. हेगमधल्या त्यांच्या आश्रयाच्या घरात मान होता, मुले पुष्कळ होती आणि डोक्यावर कर्जही होते. उट्रेख्टचे नामवंत चित्रकार होन्थोर्स्ट यांच्याकडे लुईझे चित्रकला शिकली आणि तिचा हात इतका तयार झाला की तिची काही चित्रे पुढे गुरूचीच समजली गेली. धाकटी बहीण सोफी आपल्या आठवणींत लिहिते की लुईझे माणूस समोर नसतानाही त्याचा चेहरा हुबेहूब उतरवी, आणि दुसऱ्यांना रंगवता रंगवता स्वतःकडे मात्र फार दुर्लक्ष करी. हे ऐकून बाई पहिल्यांदाच हसल्या. व्हिडिओ कॉलवर लेकीच्या बाहीला रंग लागलेला दिसला की त्या दर वेळी तिला रागवत असत.

मी सर्वांत जास्त वेळ थांबले ती डिसेंबर १६५७ पाशी. पस्तीस वर्षांची लुईझे एके दिवशी कोणालाही न सांगता, आईसाठी फक्त एक पत्र ठेवून घराबाहेर पडली. घर प्रॉटेस्टंट होते, तिला कॅथलिक व्हायचे होते, आणि ही गोष्ट त्या घरात बोलण्याजोगी नव्हती. ती गेल्यावर तिच्या चारित्र्याविषयी हीन अफवाही उठल्या. बाईंना मी म्हटले, "या गोष्टीत तुम्हाला मठाची भीती वाटते आहे. मला मात्र त्या पत्राची भीती वाटते. इतकी मोठी गोष्ट आईला सांगता येऊ नये, असं घरात काय होतं?" त्या बराच वेळ गप्प बसल्या.

मठाविषयीही त्यांच्या डोळ्यांसमोर जे चित्र होते ते खरे नव्हते. फ्रान्समध्ये पाँत्वाझजवळच्या मोबुइसाँ मठात लुईझे दाखल झाली, १६६४ मध्ये चौदाव्या लुईने तिला तिथली प्रमुख नेमले, आणि १७०९ मध्ये ८६ व्या वर्षी मरण येईपर्यंत तो सगळा कारभार तिच्याच हातात होता. तिथेही ती चित्रे काढत राहिली. बहीण सोफी तिला भेटायला आली. फ्रेंच राजाच्या भावाला दिलेली भाची लिझेलोटे वरचेवर येत असे आणि आत्यासारखी हसतमुख, प्रसन्न बाई नाही, असे पत्रांतून कौतुकाने सांगत असे. [[त्या काळी अविवाहित राजकन्येला मानाने जगता येईल अशी जागा मठाशिवाय क्वचितच मिळे.]] आजच्या मुलीला मठाची गरज नाही, तिला नोकरी आहे, घर आहे, स्वतःची सही आहे. पण जेवणाच्या पंगतीला माणसे, रोजचे काम आणि नात्यातल्यांचे येणेजाणे, हे जे लुईझेला मठात मिळाले, ते आपल्या मुलीजवळ आहे का, हे विचारायला हवे होते. बाईंनी ते कधीच विचारले नव्हते. प्रत्येक फोन स्थळापासून सुरू होऊन स्थळापाशीच तुटत होता.

लग्न झाले म्हणजे म्हातारपणी सोबत मिळेलच, असे मी माझ्या कामात पाहिलेले नाही. तरीही एकटेपणाची काळजी खोटी आहे असे मी कोणत्याही आईला सांगणार नाही. म्हणून आम्ही ठरवले की महिनाभर स्थळाचा विषय पूर्ण बंद ठेवायचा आणि साधे प्रश्न विचारायचे: रविवारी कोणाबरोबर जेवलीस, सध्या काय रंगवते आहेस, रात्री-अपरात्री बरे वाटेनासे झाले तर कोणाला फोन करशील?

तिसऱ्या आठवड्यात मुलीने आपणहून सांगितले की गेल्या हिवाळ्यात ती चार दिवस तापाने अंथरुणाला खिळली होती, आणि "लग्न केलं असतंस तर" हे वाक्य ऐकावे लागेल म्हणून तिने ते घरी कळू दिले नव्हते. चित्रशाळेतल्या दोन मैत्रिणी आळीपाळीने सूप घेऊन येत होत्या. हे सांगताना बाई माझ्यासमोर रडल्या. आपल्याला कळवले नाही याचे दुःख त्यात होते आणि सूप आणणारे कोणी होते याचा दिलासाही होता.

शेवटच्या भेटीत त्यांनी पर्समधून टेलिफोनची जुनी वही काढली. तिच्यात त्या दोन डच मैत्रिणींची नावे, मुलीकडून दोनदोनदा उच्चार विचारून घेऊन, त्यांनी देवनागरीत लिहून ठेवली होती आणि प्रत्येकीपुढे तिचा फोन नंबर होता.