पहिलीतलं लेकरू त्रास होत असूनही शाळेत सांगत नाही. एवढ्या लहान मुलांना लक्षणं ओळखायला शिकवता येतं का?

तुम्ही लिहिलंय की तुमची लेक शाळेतून घरी आली तेव्हा अंगात १०२ ताप होता, आणि विचारल्यावर म्हणाली, "डब्याच्या सुट्टीपासूनच कसंतरी होत होतं." शाळेत नर्स असूनही ती गेली नाही, म्हणून तुम्ही हे विचारताय.

शिकवता येतं. मी नागपुरात एका शाळेत नर्स आहे, ११ वर्षं झाली. पहिली-दुसरीच्या वर्गांवर महिन्यातून एक तास मी हेच घेते.

आधी त्या "कसंतरी"कडे बघा. आमच्याकडची मुलं म्हणतात, "मॅडम, कसंतरीच होऊन राहिलं." मोठ्यांना ती टाळाटाळ वाटते, पण लेकराजवळ तेवढाच शब्द असतो. मळमळ, गरगर, ठणका, कळ, आग, धाप, हुडहुडी... मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत! ते त्यांच्यापर्यंत कोणी पोचवलेले नसतात. त्यामुळे माझा तास शब्दांपासून सुरू होतो. मळमळ म्हणजे उलटी होईलसं वाटणं, गरगर म्हणजे झोपाळ्यावरून उतरल्यावर होतं तसं. मुलं ते करून दाखवतात आणि मग विसरत नाहीत.

एका मोठ्या खाकी कागदावर मी एका मुलाला आडवं झोपवते, भोवती स्केचपेननं रेघ मारते आणि तो कागद भिंतीवर लावते. हातात टिकल्यांचं पाकीट असतं. ज्याला जिथं दुखलं होतं तिथं त्यानं टिकली लावायची आणि काय होत होतं ते सांगायचं. एकदा दुसरीतल्या एका मुलानं छातीवर तीन टिकल्या लावल्या आणि म्हणाला, "इथं मांजर बोलते." वर्ग हसला. मी त्याला जवळ घेऊन स्टेथोस्कोप लावला, तर श्वास सोडताना बारीक शिट्टी ऐकू येत होती. त्याच्या आईला बोलावलं. रात्री खोकतो, पण सर्दीच असेल असं तिला वाटत होतं. डॉक्टरांनी दमा सांगितला. आता त्याचा पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची नळी) माझ्या कपाटात असतो आणि तो स्वतःच दारात येऊन सांगतो, "मॅडम, मांजर आली." मी त्याचा शब्द बदलला नाही. "धाप लागते" हे मी त्याच्या कार्डावर लिहिलंय, मोठ्यांसाठी.

"किती दुखतं?" हे विचारायला सहा चेहऱ्यांचा तक्ता वापरते, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत. एक सांभाळावं लागतं. आईची आठवण येत असली तरी लेकरू रडकाच चेहरा दाखवतं. म्हणून मी दोनदा विचारते, "दुखणं किती?" आणि मग "मनाला कसं वाटते?" दोन्हींची उत्तरं वेगळी आली तर त्या दुसऱ्या उत्तराकडेही बघते.

शब्द आले तरी मूल सांगेलच असं नाही. ते घाबरतं. वर्गातून उठलं तर ओरडा बसेल, सगळे बघतील, आईला कामावरून यावं लागेल, सुई टोचतील. हे मला एका मुलीमुळे कळलं आणि ते अजून छातीवर आहे. मी नवीन होते, दुसऱ्या शाळेत. तिसरीतली मुलगी सलग तीन दिवस म्हणत होती, "हाडाच्या आतमधी दुखून राहिलं." खेळाच्या तासाचे बहाणे आहेत असं शिक्षकांनी सांगितलं आणि मीही बाम लावून तिला वर्गात पाठवलं. चौथ्या दिवशी तिनं काही सांगितलंच नाही. ती दवाखान्यात भरती झाल्याचं दुपारी कळलं. तिला सिकलसेल हा रक्ताचा आजार होता, एसएस पॅटर्न, म्हणजे आई आणि बाप दोघांकडून आलेला.

विदर्भात राहणाऱ्या प्रत्येक आईबापानं आणि शिक्षकानं हा आजार समजून घ्यायला हवा, कारण आपल्या भागात तो बराच आहे. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडांत, पोटात, छातीत भयंकर कळा येतात. पाणी कमी पडलं, फार दमलं, गारठा लागला की त्रास उसळतो. अशा मुलाला ताप आला तर "संध्याकाळपर्यंत बघू" म्हणायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, कारण जंतुसंसर्ग त्याच्या अंगात झपाट्यानं पसरतो. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. २०२३ पासून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू आहे, तिच्यात ४० वर्षांपर्यंतच्या लोकांची तपासणी ठरली आहे. वारंवार हातपाय दुखतात म्हणणाऱ्या मुलाची ती करूनच घ्या.

त्या मुलीनंतर मी माझ्यासाठी नियम केला. लेकरू जे सांगेल ते आधी खरं धरायचं. तपासून काही निघालं नाही तरी "काही नाही झालं तुला" असं म्हणत नाही, "सांगितलंस ते छान केलंस, परत वाटलं तर परत ये" असं म्हणते. दर सोमवारी पोट दुखणारी मुलंही असतात. त्यांचं पोट खरंच दुखतं. मी नोंदवहीत वार आणि तास लिहिते, महिन्याभरात गणिताचा तास किंवा मागच्या बाकावरचा एखादा मुलगा त्यातून समोर येतो.

मुलं पाणी पीत नाहीत, कारण शाळेतल्या संडासात जावंसं वाटत नाही. मग लघवीला आग होते आणि ते सांगायची तर फारच लाज. मी वर्गात मोठ्यानं म्हणते, "सू करताना आग होते, हे सिस्टरला सांगायचं वाक्य आहे," आणि सगळ्यांकडून म्हणवून घेते. पहिल्यांदा खिदळतात, तिसऱ्यांदा कोणी हसत नाही. मार्चपासून सकाळची शाळा लागते तेव्हा हे आणखी लावून धरते. डोकं दुखणं, तोंड कोरडं पडणं, गरगरणं म्हणजे सावलीत येऊन पाणी प्यायचं. मूल बरळायला लागलं आणि अंग तापलेलं असलं तर लगेच १०८ ला फोन.

दुसऱ्याला त्रास झाला तर काय करायचं हेही शिकवते, कारण आजारी मूल कधी कधी बोलूच शकत नाही. वर्गात मधुमेहाचं एक मूल आहे. त्याचे हात थरथरले, घाम आला, ते उगाच चिडलं, तर शेजारच्यानं बाईंना सांगायचं आणि त्याला माझ्याकडे एकटं पाठवायचं नाही. फिट आली तर दप्तरं बाजूला सारायची आणि मोठ्या माणसाला हाक मारायची. चप्पल किंवा कांदा हुंगवायचा नाही, तोंडात काही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं काम मोठ्यांचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८. सात वर्षांची मुलं हे चोख करतात, मी पाहिलंय.

ज्यांच्या शाळेत नर्स नाही, आणि बहुतेक सरकारी शाळांत नाहीच, तिथं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून एकदा तपासणीला येतं. त्या दिवशी मुलाला घरी ठेवू नका. बाकीचे दिवस सांगायची जागा म्हणजे वर्गशिक्षिका.

आता तुमच्या लेकीसाठी. रात्री जेवताना तिच्याशी खेळ खेळा. तुम्ही बाई व्हा, तिनं हात वर करून म्हणायचं, "बाई, माझं पोट दुखतंय, मला सिस्टरकडे जायचंय." तुम्ही मुद्दाम फळ्याकडे तोंड करून उभ्या राहा, म्हणजे बाईंचं लक्ष नसताना दुसऱ्यांदा कसं म्हणायचं तेही तिला जमेल. नर्सची खोली तिनं बरी असताना पाहिली आहे का? नसेल तर उद्या सोडायला जाल तेव्हा तिला घेऊन जा, नर्सला नाव सांगू द्या आणि त्या पलंगावर दोन मिनिटं बसू द्या.